शेवटचा नग

त्याने लहान मुलांची शी-शूची खुर्ची उलटी केली, चारही पाय एकेक करून हलवून पाहिले आणि मान हलवली.

"डुगडुगतेय. टिल्लू मागे रेलला की गेलाच."

"पायांचं राहू दे. ही खाच बघ," भांड्याच्या कडेवरून बोट फिरवत ती म्हणाली. "इथे ब्रश पोचायचा नाही. घाण साचणार."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा, ती रक्त-लघवी तपासण्याच्या लॅबमध्ये होती. दोघंही आपापला धंदा बरोबर घेऊनच दुकानात आले होते. वेगळं राहायला लागून दीड वर्ष झालं होतं. दोन वर्षांचा टिल्लू सोमवार ते शुक्रवार आईकडे असायचा, शनिवार-रविवार बाबाकडे. डायपर सोडवायचा तर दोन्ही घरी एकसारखी खुर्ची ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून रविवारच्या संध्याकाळी दोघं एकत्र आले होते आणि अर्धा तास होऊनही कुणाचा आवाज चढला नव्हता. दोघांनाही त्याचं जरा नवलच वाटत होतं.

"ही गाणारी घेऊ," तो म्हणाला. "त्याला आवडेल."

"आवडेल रे. पण सेल संपले की शूही बंद पडेल त्याची."

त्याला हसू आलं. तिलाही आलं, पण तिने खोक्यावरची किंमत वाचत ते दाबलं.

"टिल्लू कुठंय?"

पोर गप्प आहे म्हणजे काहीतरी उद्योग चालू आहे, हे दोघांनाही पाठ होतं. तो सापडला रांगेच्या टोकाला, सगळ्यात खालच्या फळीपाशी. ना बदक, ना गाणं, ना चाकं अशी एक धुळकट तपकिरी खुर्ची त्याने ओढून काढली होती. डायपरच्या पट्ट्या स्वतःच उपटून, चड्डी घोट्यापाशी टाकून तो तिच्यावर बसला होता, मोठ्या साहेबाच्या गंभीर चेहऱ्याने. मग खालच्या भांड्यात टपटप आवाज झाला.

"शू," टिल्लूने जाहीर केलं.

दोघंही तिथेच फरशीवर बसले आणि टाळ्या पिटू लागले. तिचे डोळे भरून आले होते आणि ते त्याच्यापासून लपवावेत हे तिला सुचलं नाही.

"आता ही तुमचीच," दुकानदार बाई येऊन म्हणाल्या.

"दोन द्या."

"शेवटचा नग आहे हो. कंपनीने ही काढणंच बंद केलं."

टाळ्या थांबल्या. त्याने टिल्लूला उठवलं आणि खिशातला रुमाल काढून खुर्ची पुसली. पोराचं पहिलं पाऊल त्याने फोनवर ऐकलं होतं, पहिला दातही. हे एक तरी डोळ्यांनी बघायला मिळालं. पुढचं पुन्हा फोनवरच.

"तू ने," तो म्हणाला. "माझ्याकडे काय, दोनच दिवस असतो." म्हणाला खरा, पण हातातली खुर्ची काही सोडली नाही.

"पहिले चार दिवस खंड पाडू नका," बाई न विचारता म्हणाल्या. "घरचं माणूस सतत जवळ हवं. पाळणाघरात जमत नाही."

"मला उद्यापासून सकाळची ड्यूटी आहे," ती पुटपुटली.

"मी गुरुवारपर्यंत रजा टाकलीय."

"कशाला?"

"म्हटलं, तुला मदत लागली तर."

"आणि सांगितलं नाहीस?"

"तू नको म्हणाली असतीस."

ती नकोच म्हणाली असती. तिलाही ते ठाऊक होतं. टिल्लूशिवाय सलग चार रात्री तिने कधी काढल्या नव्हत्या. तिने खाली बसून टिल्लूला नवा डायपर लावला, चड्डी वर केली, शर्ट सारखा केला, मग पुन्हा एकदा सारखा केला.

"घेऊन जा," ती म्हणाली. "दोघांनाही."

बाहेर त्याने टिल्लूला गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं, शेजारी खुर्ची ठेवली आणि तिलाही पट्टा लावला. टिल्लूची आई खिडकीपाशी उभी होती. टिल्लूने आतून काचेला नाक चिकटवलं.

"गुरुवारी संध्याकाळी आणतो," तो म्हणाला. "नेहमीसारखा फाटकाशी येऊन फोन करू?"

"फाटकाशी कशाला?" टिल्लूच्या नाकासमोरची काच बाहेरून पुसत ती म्हणाली. "वरच या. जेवूनच जा."