नानांच्या हातातला सांगाडा

मी एक जुना, जाड कागद आहे, मित्रांनो. माझ्या अंगावर एक चित्र आहे. मुलांनी रंग भरावेत म्हणून ते नुसत्या काळ्या रेषांनी काढलेलं आहे. चित्रात एक म्हातारा सांगाडा आहे. त्याच्या डोक्यावर टोपी आहे, गळ्यात ढोल आहे आणि खांद्यावर भुताचं एक पिल्लू बसलेलं आहे. मागे गंगाफळं, म्हणजे भोपळे, कोरून केलेले कंदील आहेत आणि वर वटवाघळं. घाबरू नका. मी जन्मात कोणाला घाबरवलेलं नाही. खरं सांगायचं तर मी फार दमलो आहे. एका कडेला फाटलो आहे, मधोमध वाकलो आहे. तरी माझी गोष्ट सांगतो, कारण ती नुसती माझी नाही.

मला चारुलतानं काढलं. ती जळगावच्या पिंप्राळ्यात राहते आणि तिथल्याच एका शाळेत लहान मुलांना शिकवते. त्या वर्षी मुलांना एका कार्टून सिनेमाचं वेड लागलं होतं. परदेशातल्या कुठल्याशा सणाला एक भुताचं पिल्लू वाट चुकतं आणि ढोल वाजवणारा म्हातारा सांगाडा त्याला घरी पोचवतो, अशी ती गोष्ट होती. वर्गात दुसरा विषय नव्हता. मग एका रविवारी चारुलतानं सगळी भांडी घासून झाल्यावर ओट्याशेजारच्या टेबलावर मला पसरलं. आधी पेन्सिलनं आणि मग काळ्या पेनानं तिनं हे चित्र काढलं. सांगाड्याच्या बरगड्या तिच्या दोनदा चुकल्या. खोडरबरानं माझी कातडी सोलवटून निघाली, पण अखेर म्हातारा उभा राहिला. कोपऱ्यात तिनं बारीक अक्षरात लिहिलं, 'मूळ चित्र. रंगवू नये.'

तेव्हापासून माझं काम सुरू झालं. शाळेजवळ समाधानभाऊंचं झेरॉक्सचं दुकान होतं. चारुलता मला घेऊन गेली की ते म्हणायचे, "आला का मॅडम तुमचा म्हातारा?" मग ते मला काचेवर पालथं घालायचे आणि वरून झाकण दाबायचे. तो पांढरा उजेड अंगाखालून सरकत जायचा. एकदा, पुन्हा एकदा, वर्गात जितकी मुलं तितक्या वेळा. तापलेल्या काचेवर पडून पडून माझा रंग पिवळट झाला. दरवर्षी ऑक्टोबर सरता सरता हे ठरलेलं होतं.

माझ्या प्रती मात्र फार नशीबवान होत्या. कोणी सांगाड्याला गुलाबी केलं, कोणी त्याला मिशा काढल्या. एका मुलीनं भुताच्या पिल्लाला शाळेचा गणवेश घातला. वर्गाच्या भिंतीवर दोरी बांधून त्या सगळ्या टांगल्या जायच्या आणि येणारे-जाणारे थांबून बघायचे. तेव्हा मी चारुलताच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये पडून असायचो. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. दमलेल्याला पडून राहायला मिळालं की पुरे असतं.

एका वर्षी पालकांच्या सभेत एक गृहस्थ उठले. "दिवाळीच्या तोंडावर आमच्या पोरांच्या हातात मढी आणि भुतं देता? तुम्हाला दुसरं काही सुचत नाही का?" आणखी दोघं-तिघं त्यांच्या सुरात सूर मिसळून बोलले. मुख्याध्यापिकाबाईंनी चारुलताकडे बघितलं. दोरी उतरली. फोल्डर तिच्या घरी कपाटावर गेलं आणि त्यात मीही गेलो. तिथे धूळ होती आणि कागद खाणारी कसर होती. मी सगळ्यांच्या विस्मरणात गेलो.

मग एक दिवस फोल्डर खाली आलं. चारुलताचे डोळे सुजलेले होते. तिचे वडील गिरधरनाना एरंडोलला राहत. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं. दवाखान्यातून घरी आणलं, पण त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी चारुलताला बजावलं होतं, "हात चालता ठेवा. नाहीतर मूठ आवळत जाईल आणि मग उघडणार नाही. त्यांना काहीतरी धरायला द्या." चारुलताला धरायला देण्यासारखं काय सुचणार? रंगखडू सुचले. फोल्डरमधल्या सगळ्या चित्रांच्या तिनं प्रती काढल्या. कमळ, पोपट, आंबा आणि मी. शाळा सुटल्यावर ती स्कूटरवर बसून तशीच एरंडोलला निघाली.

नाना खाटेवर उशीला टेकून बसले होते. आयुष्यभर शेत केलेला, हाडापेरानं मोठा माणूस, आता नुसती हाडं उरली होती. डोक्यावर पांढरी टोपी मात्र होती. चारुलतानं त्यांच्या मांडीवर पाट ठेवला आणि त्यावर कमळ ठेवलं. नानांनी डाव्या हातानं ते ढकललं. बऱ्याच वेळानं त्यांच्या तोंडून शब्द निघाले.

"मी... पोऱ्या... शे का?"

मी काय लहान पोर आहे का, असं त्यांचं म्हणणं होतं. चारुलता खाली बसून सांडलेले कागद गोळा करू लागली. गोळा करता करता माझी प्रत वर आली. नाना त्या प्रतीकडे बघत राहिले. त्या बरगड्यांकडे, त्या टोपीकडे. मग त्यांच्या ओठाचा चांगला कोपरा हलला.

"हाऊ..." ते म्हणाले, "हाऊ मीच शे." हा तर मीच, असं.

आणि ते हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले. चारुलताही हसली आणि मग पदरानं नाक पुसत दुसरीकडे वळली. तिनं त्यांच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उलगडली, त्यात तांबडा खडू ठेवला आणि वरून आपला हात धरला. ढोलावर एक वेडीवाकडी तांबडी रेघ उमटली.

त्यानंतर ती आली की हेच चालायचं. समाधानभाऊंच्या काचेवर मी पुन्हा तापू लागलो. नाना आधी ढोल रंगवायचे. टोपी कधीच रंगवायचे नाहीत, ती पांढरीच. रंग रेषेबाहेर जायचा, खडू गळून पडायचा, पाटावर लाळ सांडायची. पण बोटं हळूहळू ऐकू लागली होती.

हे सगळं सुमनबाईंना बघवत नव्हतं. सुमनबाई म्हणजे नानांची बायको, चारुलताची आई. मुलगा हेमराज सुरतेला कामाला, तो फोनवरून चौकशी करायचा. चारुलता यायची आणि दिवे लागायच्या आत परत जायची. बाकी सगळं सुमनबाईंवर होतं. नानांना उठवणं, धुणं, भरवणं, कूस वळवणं, त्यांचे कपडे बदलणं. त्यांचं वजन निम्मं झालं होतं तरी ते सुमनबाईंना पेलत नव्हतं. एका दुपारी शेजारच्या वच्छलाबाई नानांना बघायला आल्या. उशाशी रंगवलेल्या सांगाड्यांची चळत बघून त्या दारातच थबकल्या.

"व माय! आजारी माणूसना उशाशी मढाना चितरं? कोन ठेवस आसं?"

वच्छलाबाई गेल्या आणि सुमनबाई उठल्या. त्यांनी चळत उचलली आणि अंघोळीचं पाणी तापत होतं त्या चुलीत घातली. चारुलता आदल्या दिवशी फोल्डर तिथेच विसरून गेली होती. त्यातून त्यांनी मलाही काढलं. मी समोर जाळ बघत होतो. मला भीती नाही वाटली, मित्रांनो, इतका मी थकलो होतो. पण सुमनबाईंचा हात थांबला. मी प्रत नव्हतो, हातानं काढलेलं चित्र होतो. लेकीच्या हाताची रेघ आईला कळली असावी. त्यांनी मला धान्याच्या कोठीमागे सारलं आणि पाण्याची बादली उचलली.

दुसऱ्या दिवशी चारुलता आली.

"आई, नानांचे कागद कुठे गेले?"

"चुल्हामा घालात."

"आई! डॉक्टरबाईंनी सांगितलंय ना, हात हलला पाहिजे म्हणून!"

"मंग हात हालाडाले पोपट नही चालस का? मढंच लागस का?"

"पोपट ते घेत नाहीत. हे बघून ते हसतात. झटका आल्यापासून दुसऱ्या कशाला हसलेत का, सांग."

सुमनबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"माले भ्याव वाटस, चारू. दिनरात मी एकली शे आठे. तू येस आनि जास. मी त्याना श्वास मोजस, आनि उशाशी ते मढं माले दखस."

चारुलताचाही तोल गेला. "मी काय मजा करायला येते का, आई? शाळा करून, घर करून, त्या रस्त्यानं धूळ खात येते. मलाही होत नाही आता."

खाटेवर नाना डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते. चारुलता चहा न घेताच गेली.

त्या आठवड्यात ती आली नाही. तापानं फणफणली होती, असं नंतर कळलं. सुमनबाईंनी नानांपुढे पोपट ठेवला. नानांनी भिंतीकडे तोंड केलं. सुमनबाईंनी बोटं उलगडायला घेतली तर ती उलगडेनात. एका सकाळी अंग पुसताना त्यांनी जोर लावून मूठ उघडली. आत तळव्यावर नखांचे खड्डे पडले होते आणि त्यात रक्त साकळलं होतं. नानांनी हूं की चूं केलं नव्हतं.

सुमनबाई बराच वेळ तो तळवा मांडीवर घेऊन बसल्या. त्यांनी नखं कापली, तळव्याला खोबरेल तेल लावलं. मग उठून त्या कोठीशी आल्या, हात घालून त्यांनी मला बाहेर ओढलं आणि पदरानं माझ्यावरची धूळ झटकली.

"घ्या," त्या नानांना म्हणाल्या. "रंगवा तुमना सोबतीले."

कोपऱ्यातलं बारीक अक्षर त्यांनी वाचलं की नाही, कोण जाणे. नानांच्या मुठीत त्यांनी खडू बसवला आणि वरून आपला हात धरला. इतकी वर्षं मी उजेड सोसला होता, खडू पहिल्यांदाच सोसला. मेणाचा तो तेलकट, जड स्पर्श अजून आठवतो. नाना ढोल रंगवून कंदिलाकडे वळले. तांबडा खडू गंगाफळावर टेकला तशा सुमनबाई थांबल्या.

"गंगाफळ तांबडं ऱ्हास का? शेतमा कितला लावात तुमी! वरतून हिरवं ऱ्हास ते. द्या आठे."

त्यांनी हिरवा खडू घेतला आणि कंदील रंगवू लागल्या. नाना त्यांच्याकडे बघत राहिले. सुमनबाई रंगवता रंगवता बोलत होत्या. कोणत्या वर्षी गंगाफळं बांधावरून घरंगळत नाल्यात गेली होती, कोणतं इतकं मोठं निघालं की बैलगाडीत घालायला दोघं लागले. नाना मधूनच "हं" म्हणत. भुताचं पिल्लू सुमनबाईंनी निळं केलं. आता त्यांना त्याचं भय वाटत नव्हतं.

चारुलता बरी होऊन आली तेव्हा मी पाटावर होतो. मला बघून ती मटकन खाली बसली.

"आई, हे मूळ चित्र होतं गं. आता याच्या प्रती निघायच्या नाहीत."

"मंग काय व्हयनं? दुसरं काढ." सुमनबाईंनी लेकीच्या कपाळाला हात लावून बघितला. "कितली वाळनी व माय तू. जेवनी का?"

चारुलतानं नाही म्हणून मान हलवली. सुमनबाईंनी तिला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा वाढला. ती जेवत असताना नाना माझ्यावर वटवाघळं रंगवत होते, एक जांभळं, एक पिवळं. पुढे तिनं दुसरं चित्र काढलं. त्याच्याच प्रती आता येतात. मी निवृत्त झालो म्हणा ना.

पण शेवटचं एक सांगायचं राहिलं. दसरा होऊन गेला होता. ऊन असं की पत्रा तडतडायचा, आणि भरदुपारी वीज गेलेली. पंखा थांबला. सुमनबाई खाटेच्या पायथ्याशी बसून नानांचे पाय चेपत होत्या. चेपता चेपता त्यांचं डोकं खाटेच्या कडेच्या दांडीवर टेकलं आणि त्या बसल्या जागी झोपल्या. तोंड उघडं, कपाळावर घाम, गालावर माशी. नानांनी त्यांना बघितलं. मग इकडे-तिकडे बघितलं. मी त्यांच्या शेजारी पडलो होतो.

त्यांचा उजवा हात माझ्याकडे आला. डावा नाही, उजवा. बोटं माझ्या कडेवर आली, घसरली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा त्यांनी मला धरलं. हात थरथरत वर गेला आणि खाली आला. मी जाड कागद आहे, मित्रांनो, म्हणून थोडा वारा निघाला. सुमनबाईंच्या कपाळावरचा केस हलला, माशी उडाली. हात पुन्हा वर गेला. नानांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, टोपी घामानं भिजली होती, पण ते थांबेनात. डॉक्टरबाईंनी एवढा व्यायाम कधी सांगितला नव्हता.

चारुलता दारात आली होती. तिनं चपला हातात घेतल्या होत्या. ती आत आली नाही, तिथेच उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

त्या दुपारी मी फाटलो आणि वाकलो. मला त्याचं दुःख नाही. माझ्यासाठी मला काही मागायचंही नाही. पण मित्रांनो, घरात कोणी आजारी पडलं की येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या खाटेवरच्या माणसाची चौकशी करतो, फोनही त्याच्यासाठीच येतात. त्याच्या पायाशी बसलेलं माणूस कोणाला दिसत नाही. तुम्ही त्याच्याकडे बघा. ते जेवलं का, विचारा. म्हणा, आजी, तू घटकाभर पड, मी बसतो. आणि ते झोपलं तर उठवू नका. वारा घालायला कुठलाही कागद चालतो.