खडेमिठाचा बर्फ

फराहने बोटाएवढी नळी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळली आणि कुल्फीच्या मडक्यात, बर्फात खोल खुपसली.

"आता हे काय गं नवीन?" मुनव्वरने विचारलं. शिळफाट्यावरची कुल्फीची गाडी त्याची आणि ही त्याची थोरली.

"डीएनए जोडायचं एन्झाइम, अब्बा. एका एन्झाइमने कापून झालंय. जोडणारं एवढंच उरलंय, आणि कॉलेजचा ट्रान्सफॉर्मर जळलाय. सोमवारपर्यंत फ्रीझर बंद."

"मग साधा बर्फ नाय चालत?"

"सोमवारपर्यंत त्याचा भरवसा नाय. तुमच्या खडेमिठाच्या बर्फात फ्रीझरएवढा गारवा असतो."

एन्झाइमची नवी नळी यायला महिना लागणार. तोवर प्रयोग दाखवला नाही, तर पुण्याच्या प्रयोगशाळेतली जागा हातची जाणार. कॉलेजच्या सुप्रिया मॅडमनी आधी कपाळाला हात लावला होता. "कुल्फीच्या मडक्यात? बघ बाई!" मग नळी त्यांनीच काढून दिली.

रविवारी संध्याकाळी फराह गाडीवर आली, तर बापाचं भलतंच चाललेलं. ऐन मे महिना, पोरंटोरं जीभ काढून उभी, आणि हा पठ्ठ्या सगळ्यांना परत पाठवतोय. मडक्याचं झाकण सुतळीने करकचून बांधलेलं, वर ओलं गोणपाट.

"आज कुल्फी नाय! उद्या या."

"अब्बा, भरल्या बाजारात धंदा बंद?"

"सारखं झाकण उघडलं की गारवा पळतो. सकाळी बर्फ-मीठ भरलं, तेवढंच." त्याने गोणपाटावर पाणी शिंपडलं. "माझी कुल्फी काय, उद्या पण होईल."

फराहला एकदम रडूच आलं. तो म्हणाला, "रडतेस काय येड्यासारखी? माश्या हाकल."

सोमवारी वीज आली. तिने कापलेले तुकडे त्या एन्झाइमने जोडले, जीवाणूंमध्ये घातले आणि बशीवर पसरले. जोड बसला तर पांढरे ठिपके, नाहीतर सगळे निळे. बशी तिने रात्रभर उबेत ठेवली.

मंगळवारी सुप्रिया मॅडमनी बशी उजेडात धरली. निळ्यांच्या गर्दीत पांढरे ठिपके होते. चांगले ठसठशीत.

"अगं, जोडलं की गं!" मॅडम ओरडल्याच.

फराहने तिथूनच फोन लावला.

"अब्बा, जोडलं!"

"अल्लाचा शुकर!" पलीकडे मडक्याचं झाकण वाजलं. "म्हणजे तू पुण्याला जाणार."

"हो ना!"

"थंडी लई असते म्हणं तिकडं," बर्फात हात घालणारा तो माणूस म्हणाला. "स्वेटर घ्याया पायजे तुला."