सारजाची हाळी

नवऱ्याला, भिमाला, उभं करणं हे सारजाचं रोजचं पहिलं काम. चूल त्याच्यानंतर. रातभर आडवा पडला की गड्याची पाठ पहारेसारखी व्हायची. आधी त्याला कुशीवर घ्यायचं, मग पाय खाटेखाली सोडायचे, मग काखेत हात घालून उठवायचं. तव्यावर गरम केलेला निरगुडीचा पाला मानेला बांधायचा आणि भिंतीला धरून अंगणात चार येरझाऱ्या घालायला लावायच्या. ऊन वर आलं की पाठ जराशी सैल पडायची. मान मात्र बसली ती बसलीच होती. वर होत नव्हती, खाली होत नव्हती, वळायचं तर नावच नको. कुणी बाजूनं हाक मारली तर भिमा पायांसकट सगळाच्या सगळा वळायचा. गावातली टवाळ पोरं त्याला फौजदार म्हणायची. चाळिशीसुद्धा उलटली नव्हती बिचाऱ्याची.

उपाय काय थोडे केले? एका जाणत्यानं पाठीवर डागण्या दिल्या, त्याचे वण तेवढे राहिले. बारामतीच्या डॉक्टरानं पाठ दाबून बघितली आणि सांगितलं की मणके एकमेकांना धरून बसलेत, आता सुटायचे नाहीत, मात्र चालतंफिरतं राहा, बसलास की संपलास. भिमानं त्यातलं चालतंफिरतं तेवढं मनात धरलं. त्याला ते एका मोटेवरच जमत होतं.

मिठाच्या सत्याग्रहानंतरची दोन-तीन वर्षं असतील. बारामतीकडं कालव्याचं पाणी खेळत होतं, पण निमगावच्या ओढ्याकाठी भिमाचा मळा होता तिथं विहीर आणि मोट हाच आधार. मेथी, कांदा, वांगी आणि बांधाला दोन-चार लिंबं. बैलजोडी धावेवरनं, म्हणजे विहिरीपासनं उतरत्या वाटेवरनं, खाली गेली की मोट वर येऊन थारोळ्याच्या दगडी कुंडात ओतायची आणि पाणी पाटानं वाफ्यांत जायचं. मग बैलं उलट्या पावली धाव चढून विहिरीच्या तोंडाशी आणायची. खरी मेख इथंच होती. बैलं मागं सरताना मोटकऱ्याला सारखं वळून बघावं लागतं, नाहीतर बैल विहिरीत जायचा. आणि भिमाला तर वळता येत नव्हतं. कासरे हातात धरून पायांसकट वळायला जावं तर बैलं बिचकायची. एकदा हौश्या बैलाचा मागचा पाय काठावरनं सुटलाच होता, थोडक्यात वाचला.

त्या दिवसापासनं सारजा त्याची मान झाली. ती विहिरीपल्याडच्या वाफ्यात दारं धरायची, म्हणजे एक वाफा भरला की खोऱ्यानं पाणी दुसऱ्यात वळवायची. ते करता करता तिचं ध्यान धावेवर असायचं. बैलं काठाशी आली की तिथनंच ती हाळी द्यायची, “बाऽऽस!” मग भिमा थांबायचा. दिवसभर असंच. संध्याकाळी तिचा घसा बसलेला असायचा.

तिनं अनेकदा त्याला सुचवलं होतं, की माझ्या महिपतीला बोलवू. महिपती तिचा धाकटा भाऊ, इंदापूरच्या वाटेवर राहायला, हातात ताकद आणि स्वभावानं गरीब. तो मोट हाकील, तुम्ही बांधावर बसून बघा. हे ऐकलं की भिमाचं डोकं फिरायचं. मोट गेली की आपण खाटेवरचे झालो, हे त्याच्या मनानं पक्कं घेतलं होतं. आणि खाटेवरच्या माणसाला बायको भाकरी वाढते तेव्हा तिच्या तोंडाकडं बघवत नाही, असं तो म्हणायचा. त्याच्या वडलांचं त्यानं बघितलं होतं.

त्या दिवशी चैत्राचं ऊन उगवतानाच चटका देत होतं. सारजानं त्याला उठवलं, पाला बांधला आणि जात्याशी टेकून बसली. म्हणाली, आज डोस्कं गरगरतंय, अंगात तापाची कसर हाय, आज मोट नगं. उद्या जुंपू.

भिमाला ते खरं वाटलं नाही. खोटं कशाला सांगा, त्याच्या मनात दुसरंच आलं. आदल्याच दिवशी महिपतीवरनं दोघांची बोलाबोली झाली होती.

“कळतंय मला,” तो म्हणाला. “भावाला मोटंवर आणायचं निमित्त हाय हे.”

मग भिमानं जे बोलायचं नव्हतं ते बोलून टाकलं. “तुझ्या हाळीवाचून अडलंय व्हय माझं? तू आलीयास म्हनून मला मोट याय लागली का?”

ती उठली. पदर खोचला, खोरं घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण भिमाला ते दिसायला तिनं समोर तर यायला पाहिजे. ती पाठीमागनंच म्हणाली, “मग आज तोंडातनं अक्षर काढायची न्हाय म्या. बघू कशी चालतीया.”

अशी दोघं मळ्यात आली. ती वाफ्यात, हा धावेवर, मधे विहीर आणि अबोला.

पहिल्या खेपा भिमानं जपूनच घेतल्या. बैलं वीतवीत मागं घ्यायची, पायानं माती चाचपायची, परत थांबायचं. घामानं बंडी भिजली. मागनं हूं की चूं नाही. ही बाई खरंच बोलायची नाही, असं त्याला वाटलं आणि जास्तच इरेला पेटला. खोऱ्याचा आवाज तेवढा येत होता, म्हणजे दारं धरणं चालू होतं.

मग त्याला एक गंमत दिसली. दुसऱ्या कुठल्या मोटकऱ्याला ती कधी दिसली नसती, कारण त्यांचं तोंड त्या वक्ताला मागं असतं. बैलं धाव चढत वर वर आली की समोरच्या बाभळींच्या कुंपणावरनं गावच्या देवळाचा कळस हळूच वर येत होता. खाली असताना नुसत्या बाभळी. आणि कळस पुरा दिसला की बैलं बरोबर काठाच्या अलीकडं दोन हातावर. त्यानं एकदा बघितलं, दोनदा बघितलं, चुकतच नव्हतं. ज्या मानेनं त्याला वळू दिलं नव्हतं तिनंच आज समोर बघायला लावलं होतं.

भिमाला हसू आवरेना. किती दिवसांनी असं हसू आलं होतं. मोट भराभर चालायला लागली. कळस दिसला की थांब, मोट बुडाली की चल. थारोळ्यात पाणी नुसतं धबाधबा कोसळत होतं.

तेवढ्यात मागनं हाक आली.

“अवं…”

एकदाच. बारीक आवाजात. भिमानं ती चांगली ऐकली. शेवटी हिलाच तोंड उघडावं लागलं, असं मनात आलं आणि त्याला बरं वाटलं. लगेच ओ द्यायची नाही. दुसऱ्यांदा हाक मारू दे, मग देतो. चाक कुरकुरत होतं, बैलं खाली निघाली होती. दुसरी हाक आली नाही. फुगली परत, असं म्हणून त्यानं पुढची मोट बुडवली.

मग त्याचा राग हळूहळू उतरला. हात चालू असले की माणसाचा राग उतरतो. त्याच्या मनात यायला लागलं की आता हिला ओरडायला नको. घसा फोडायला नको, सारखी नजर इकडं ठेवायला नको. आज कळस दाखवायचा तिला. ह्या जागेवर उभी करायची आणि म्हणायचं, बघ. ती आधी तोंड वाकडं करील आणि मग हसंल. न्याहारीला सुट्टी केली की सांगू, असं त्यानं ठरवलं. न्याहारीला हाक मारायचं काम तिचं, म्हणून तो वाट बघत राहिला आणि मोट हाकत राहिला.

धावेच्या खालच्या टोकाला पोचला तेव्हा त्याला समोर पाणी दिसलं. गाडीवाटेच्या चाकोरीतनं गढूळ पाण्याची धार वळवळत खाली येत होती. वाफ्यातलं पाणी बांध फोडून, सगळ्या मळ्याला वळसा घालून त्याच्या डोळ्यांसमोर आलं होतं. भिमाच्या तोंडात शिवी आली. रुसावं म्हणजे किती, माणसानं दारं धरायचंबी सोडून द्यावं? त्यानं जोरात हाक मारली, “सारजेऽऽ, पानी वाटंला लागलंय!”

काही नाही. खोऱ्याचाही आवाज नाही. तो कधीपासनं नव्हता, हे त्याला आठवेना.

मग मात्र त्यानं कासरे टाकले. तो पळाला म्हणावं तर त्याला पळता येत नव्हतं. ताठ पाठीनं, पाय ओढत तो विहिरीला वळसा घालून आला. सारजा मेथीच्या वाफ्यात पालथी पडली होती. हातातलं खोरं बाजूला, आणि तोंड पाण्यात. वाफ्यात पाणी ते केवढं? घोट्याएवढं सुद्धा नव्हतं. पण तापानं घेरी येऊन पडलेल्या बाईला तेवढं पुरलं. आणि त्याच वाफ्यात तो मोटेवर मोट ओतत बसला होता.

बाजूच्या मळ्यातला तात्याबा भिमाचा आरडाओरडा ऐकून धावत आला तेव्हा भिमा चिखलात गुडघ्यावर बसून तिला उताणी करत होता. त्याला खाली वाकता येत नव्हतं. तिचं तोंड पुसायला हात जात होता तो अंदाजानं, कधी कपाळाला लागायचा, कधी केसांना. तात्याबानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिचे डोळे मिटवले.

सांजच्याला तिरडी बांधली. महिपती आला होता, पोरासारखा रडत होता. जाणती माणसं म्हणाली, भिमा, तोंड बघून घे. भिमा तिरडीपाशी उभा राहिला. समोर भिंत होती, भिंतीवर सारजानं सारवताना उमटलेले बोटांचे फराटे होते. तो तेच बघत राहिला. लोकांना आधी कळेना हा बघत का नाही. महिपतीला कळलं. त्यानं आणि तात्याबानं तिरडी डोक्याकडनं उचलली, उचलत उचलत पार उभी धरली, तेव्हा सारजा भिमाच्या समोर आली. सकाळपासनं त्यानं तिचं तोंड पहिल्यांदा बघितलं. जमलेल्या बायकांना ते बघवलं नाही.

“हाक मारली हुती रं हिनं,” तो महिपतीला म्हणाला. “म्या ओ दिली न्हाय.”

महिपतीला वाटलं, दुःखानं काहीतरी बोलतोय. त्यानं तिरडी सावकाश खाली ठेवली.

आता मोट महिपती हाकतो. कळसाचं भिमानं त्याला सांगितलं नाही. त्याची मान चांगली आहे, त्याला काय करायचंय? महिपतीच पहाटे येऊन भिमाला उभं करतो, पाला बांधतो, मळ्यात आणतो. भिमा बांधावर लिंबाखाली बसतो, आणि बसतो तो वाफ्यांकडं तोंड करून, म्हणजे सगळे वाफे समोर येतात, मान वळवायला लागत नाही. दारं धरायला रोजाची बाई असते. तिच्याशी तो बोलत नाही. पाणी कुठल्या वाफ्यात आहे तेवढं बघतो.

मधेच, कुणी हाक मारलेली नसताना, भिमा मोठ्यानं ‘ओ’ देतो. सुरवातीला महिपती बैलं थांबवून मागं वळून बघायचा. आता तोही वळत नाही.