अंड्याएवढी उरले मी

मी एक पिशवी बोलतेय. बाजाराची नव्हे, पोटातली, जेवण पडतं ती. नाक मुरडू नका. तुमच्यातही एक बसलीय आणि तीही ऐकतेय.

मी मार्लिसची. अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका थंडगार गावात आम्ही दोघी एकाच दिवशी जन्मलो. शाळा मी अर्धीच शिकले. मधल्या सुट्टीपर्यंत लक्ष डब्यात आणि सुट्टीनंतर झोप. तरी माणसं मला वाचता येतात, ती काय गिळतात त्यावरून.

लोणी, साय, बटाटे, सगळं सोसलं मी. मार्लिसचा नवरा ऑर्लिन गेला, तेव्हा बाई रडली कमी आणि खाल्लं जास्त. मी आपली ताणत गेले. मग तिच्या गुडघ्यांनी संप केला, रक्तातली साखर वाढली, आणि डॉक्टरणीने मला कापायचं ठरवलं. मला कुणी विचारलं नाही. वरची अंड्याएवढी मी तेवढी कामावर ठेवली आणि तिला थेट आतडं जोडून दिलं. बाकीची मी अजून आतच आहे, पेन्शनीत. नुसती पडून रस गाळते.

तिथून माझे नखरे सुरू. आधी नुसतं पाणी, तेही घोट घोट. मग पातळ, मग तान्ह्या बाळाला देतात तसा लगदा. जेवताना पाणी प्यायचं नाही. घास चावून चावून जबडा दुखायचा. भूक तर पत्ताच विसरली. कधी कोठा घट्ट, कधी पळता भुई थोडी. जन्मभर रिचवलेल्या दुधाने आता गडगडायला लागलं, तेही चर्चमध्ये प्रार्थना अगदी शांत झाली की. मी मुद्दाम नाही करायचे. एकदाच केलं.

आणि भरले की मी मार्लिसच्या नाकातून पाणी काढते. ही माझी खोड.

"सर्दी झालीय," मार्लिस सांगायची. कारण ऑपरेशनचं तिने कुणाला कळूच दिलं नव्हतं. नणंदेला, व्हर्नाला, तर मुळीच नाही. व्हर्ना मागे एका दुसऱ्याच बाईच्या अशाच ऑपरेशनबद्दल बोलली होती, "तोंड बंद ठेवायला डॉक्टर कशाला लागतो? देवाने ओठ दिलेत ना?" ते मार्लिसच्या मनात रुतून बसलं.

चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर या दोघी वर्षानुवर्षं चालवतात. गावात कुणी गेलं की मातीनंतरचं जेवण यांच्या हातचं. व्हर्नाची हॉटडिश ठरलेली. खाली खिमा आणि शेंगा, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे. मार्लिसने ती दोनदा वाढून घ्यायची, हेही ठरलेलं. आता ती चमचाभर घ्यायची आणि काट्याने इकडून तिकडे ढकलायची. व्हर्ना बघायची आणि म्हणायची, "बरंय." आमच्या गावात याच्यापुढे कुणी भांडत नाही. फक्त तिचा रोजचा फोन बंद झाला. मार्लिस फोनकडे बघत बसायची. ऑर्लिनच्या मागे तिला तेवढंच एक माणूस होतं.

गावाची आणखी एक रीत सांगते. भांड्यातला शेवटचा तुकडा कुणी घ्यायचा नाही. एक जण त्यातला अर्धा कापून घेतो, दुसरा उरलेल्याचा अर्धा, तिसरा त्याचा. शेवटी मुंगीने लाजावं एवढा तुकडा राहतो आणि कचऱ्यात जातो. मी मोठी होते तेव्हा याला फार हसायचे.

फेब्रुवारीत एक म्हातारे शेजारी गेले. मातीनंतर तळघरात व्हर्नाने मार्लिसपुढे बशी धरली. लिंबाच्या वड्या, वर पिठीसाखर.

"हे तरी खाशील, का यालाही सर्दी?"

मार्लिसने अख्खी वडी खाल्ली. जीव तोडून नको नको म्हटलं मी. पूर्वी माझ्या खालच्या दाराशी दरवान होता, थोडं थोडं सोडायचा. आता दारच नाही. साखर धाडकन आतड्यात. ते घाबरलं आणि अंगातलं पाणी ओढायला लागलं. मार्लिसला दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा. ती संडासात जाऊन आली आणि कोट टांगायच्या खोलीत, ओल्या कोटांच्या मध्ये बसून राहिली.

दार लोटून व्हर्ना आत आली.

"कुठे झालाय?"

"काय?"

"कॅन्सर. लपवू नकोस. आपला ऑर्लिनही असाच ताटात काटा फिरवत बसायचा. असाच वाळला. विचारलं की थकवा म्हणायचा."

मार्लिसने स्वेटर वर करून वण दाखवले. सगळं सांगितलं. व्हर्ना तिच्याशेजारी बसली.

"म्हणजे मरत नाहीस."

"आज तरी नाही. मगाशी वाटलं होतं."

"आणि माझी हॉटडिश बिघडलेली नाही."

"नाही गं."

"मी खाटीक बदलला, मार्लिस."

"तूच म्हणाली होतीस, देवाने ओठ दिलेत."

"मी पुष्कळ काही म्हणते. सगळं ऐकायचं कशाला?" व्हर्नाने रुमाल काढला. "नाक पूस."

"ही सर्दी नाही."

"माझीही नाही," म्हणाली ती, आणि स्वतःचंही पुसलं.

पुढच्या रविवारी भांड्यात हॉटडिशचा शेवटचा कोपरा उरला. व्हर्नाने सुरी घेतली. अर्धा केला. त्याचा अर्धा, परत त्याचा अर्धा, तसा सगळ्यांना वाटत गेली. उरला त्याचा बटाटा काढला, खिमा काट्याने मऊ केला आणि बशी मार्लिसपुढे सरकवली.

"घे. हे तुझं माप."

अख्खं तळघर कॉफी हातात धरून बघत राहिलं. मार्लिसने सावकाश चावून तो संपवला. आमच्या गावात शेवटचा तुकडा कुणीतरी पहिल्यांदाच खाल्ला.

"चला," मागून कुणीसं म्हणालं, "भांडं घासायला मोकळं झालं."

मी आता एवढीच राहणार. तक्रार नाही. लहान झाल्यापासून घासाची चव कळायला लागलीय, पूर्वी नुसती गर्दी असायची. तुम्हाला एवढंच सांगणं, जवळचं कुणी कमी खाताना दिसलं तर ताट पुढे सरकवायच्या आधी शेजारी बसा आणि विचारा. आणि माझ्या मार्लिसला आग्रह करू नका. केलात तर पुढच्या प्रार्थनेला मी गडगडेन, आणि मार्लिस वळून तुमच्याकडे बघेल.