वरून थंड

ब्याऐंशी सालच्या थंडीतली गोष्ट. गोकुळाला मातीत ठेवून तिसरा दिवस होता. सावली तालुक्यातल्या त्या गावात तिसऱ्या दिवशी, गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी मातीवर ठेवायचे. गोकुळाला चहा लागायचा, तोही जिभेला चटका देणारा. तिचा नवरा इस्तारी सकाळीच चहा करून निघाला. नदीकाठच्या त्या मातीपाशी पोचेपर्यंत चहा निवला असता, म्हणून गोकुळाच्या भावानं, मनसारामनं, आपला थर्मास आणला. मनसाराम सरकारी दवाखान्यात शिपाई. वडशाला नाटकं पाहायला जाताना त्यानं तो घेतला होता.

कोल्ह्यांच्या भीतीनं मातीवर दगड आणि काटेरी फांद्या रचल्या होत्या. मनसारामनं डोक्याच्या बाजूला चहा ओतला. वाफ निघाली.

इस्तारीनं थर्मास हातात घेतला. "काऊन रे, हा तं वरून थंडगार हाये. अन् आत एवढी आग?"

"तेच तं हाये भाऊजी! आत काचेच्या दोन बाटल्या असतात, एकीत एक. दोघींच्या मधातली हवा काढून टाकली असते. हवाच नाई, तं गरमी बाहेर येईन कशी? वरून काचेले चांदीसारखा मुलामा. तो उरलीसुरली गरमी आत परतवते. तुमी जिंदगीभर मासोळ्या धरल्या, तुमाले काय समजते!"

इस्तारी हसला नाही.

"मनसाराम, गोकुळाबी वरूनच थंडी होती."

"भाऊजी, काय बोलता?"

"मीच हात लावून पाह्यला. मीच सांगतलं, गेली म्हणून. डॉक्टरले कोणी बलावलंच नाई."

"माणसात अशी पोकळी नसते भाऊजी. माणूस लोट्यासारखा. वरून निवला म्हंजे आतूनबी निवला."

इस्तारीला ते पटलं. तो पाया पडायला वाकला. चहूकडे गवतावर दव होतं, त्याचं धोतर भिजलं होतं. गोकुळाच्या मातीवर मात्र एक थेंब नव्हता. त्यानं फांदी सारून तळवा टेकवला.

"माती गरम हाये."

"आत्ताच चहा ओतला ना मी."

"तू डोक्याकडे ओतला. मी पायाकडे बसलो हावो."

मनसाराम तिथं आला. त्यानं हात टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग त्यानं पहिला दगड बाजूला केला.

इस्तारी आधीच दोन्ही हातांनी उकरू लागला होता.