घाटावरची खिडकी

आमचे हे गेले, आणि महिना होतो न होतो तोच थोरला म्हणाला, "आई, दुकान काढून टाकू. काचा कापणं हे काय मुलीचं काम आहे?"

हे त्याने धाकटीच्या तोंडावर म्हटलं. ती शाळेत असल्यापासून बापाशेजारी उभी राहून हिरकणीने काच कापायला शिकलेली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. मग मीच तोडगा काढला. घाटावरच्या विश्रामगृहाच्या मोठ्या खिडकीचं काम राहिलं होतं. हे स्वतः जाऊन माप घेऊन आले, खडूने दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवलं आणि आठवड्यात अंथरुणाला खिळले ते उठलेच नाहीत. ती काच धाकटीने कापायची आणि नेऊन बसवायची. जमलं तर दुकान तिचं, नाही तर कुलूप. थोरला म्हणाला, चालेल.

टेंपो धाकटीच चालवत होती. मागे गोणपाटात गुंडाळलेली काच. मी तिच्या शेजारी, यांची आठवण काढत आणि यांना शिव्या देत. माणूस गेला म्हणून काय झालं, पन्नास वेळा सांगूनही गाडीच्या दाराची वर-खाली होणारी काच दुरुस्त केली नाही ती नाहीच. काचवाल्याच्या गाडीला काच नाही.

पायाला भिंगरी होती या माणसाच्या. गावातली चार कामं सोडून लांबचं एक काम आधी घेणार. मी म्हणायची, धंदा करताय की सहली काढताय? तर म्हणायचे, "चल की मग, डबा भर." मुलं लहान असताना एकदा नदीपलीकडे लग्नघरी कपाटाचा आरसा पोचवायचा होता. पूल वाहून गेलेला. दुसरा कुणी असता तर मागे फिरला असता. यांनी होडी ठरवली, आम्हाला बसवलं आणि आरसा उभा धरून स्वतः मधोमध उभे राहिले. पलीकडच्या काठावरची माणसं आरशात बघून भांग पाडायला लागली. मी जीव मुठीत धरून बसलेली, मुलं खिदळतायत, आणि हे मला म्हणतात, "जरा हस, सगळं गाव बघतंय तुला." कितीही राग आला तरी या माणसावर तो टिकायचा नाही. आता रागवायला घरात कुणी नाही, हेच सहन होत नाही.

विश्रामगृहाच्या मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. धाकटीने तिथल्या दोन माणसांच्या मदतीने काच उचलली आणि चौकटीला लावली. वर टेकली, तर खाली फट. चांगलं बोटभर आखूड.

तिने पुन्हा लावून पाहिली. मग काच भिंतीला टेकवली आणि खालीच बसली. "माझं चुकलं, आई. दादा बरोबर म्हणत होता. बाबांचं माप कधी चुकलंय का?"

आता माझी पंचाईत झाली. उभं आयुष्य मी यांची बाजू सांभाळली, गेल्यावर कसं उघडं पाडायचं? पण पोर गोणपाट ओढून काच परत गुंडाळायला लागली.

"तू भिंतीवरच्या मापाचीच कापलीस ना?" मी म्हटलं. "मग तू नाही चुकलीस, दादाला मी सांगते. तो तुझा बापच लबाड. जागा आवडली की हा माणूस मुद्दाम बोटभर कमी लिहायचा. म्हणजे काच बसत नाही, म्हणजे परत यावं लागतं. आखूड काच पुढे कुणाच्या तरी कपाटाला जायची. गावात केसाइतका फरक चालायचा नाही त्याला, आणि लांब गेला की हे धंदे."

धाकटी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मालकीणबाईंनी तोंडाला पदर लावला. "तरीच," त्या म्हणाल्या. "माप घेऊन झाल्यावर इथे बराच वेळ उभे होते. म्हणाले, बायकोचा गुडघा दुखतो म्हणून आज आली नाही. पण ही दरी तिला दाखवायचीय, आणि एकदा बघून तिचं पोट नाही भरायचं."

मी खिडकीपाशी गेले. काच नव्हती, वारा सरळ तोंडावर येत होता. खाली दूरवर दरी, तिच्यात उतरत गेलेली शेतं, कुठेतरी धूर. मी खूप वेळ बघत होते. खरंच, एकदा बघून भागण्यासारखं नव्हतं.

मागे धाकटीने टेप काढली. वरपासून खालपर्यंत नीट धरली, दोनदा तपासली आणि विचारलं, "आई, किती लिहू?"

बोटभर कमी लिही, असं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. पण आम्ही कितीही वेळा परत आलो, तरी हे काही येणार नव्हते.

"बरोबर लिही," मी म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आवरलं नाही.