उघड्या दाराचा कायदा

मार्नाचा मेसेज आला तेव्हा व्हर्लिन ऑस्टबीच्या विधेयकाच्या आधी तीनच विधेयकं उरली होती. 'बाबा, गाडी चारीत गेली. दहा फुटांपुढचं दिसत नाही. गावच्या हॉलवर चालत जाते, अर्धा मैल असेल. कुंपणाची तार धरून जाते. काळजी करू नका.'

व्हर्लिनने तो दोनदा वाचला. त्या हॉलच्या दाराला कुलूप होतं. ते त्यानंच घातलं होतं आणि किल्ली त्याच्या कोटाच्या खिशात होती. हॉल तिकडे गावाबाहेर, माळावर, आणि तो इथे दीडशे मैलांवर, राज्याच्या विधानसभेत, खुर्चीत टेकून बसलेला.

'हॉलला कुलूप आहे. गाडीतच थांब,' त्यानं लिहिलं. मेसेज गेला नाही. पुन्हा पाठवला, पुन्हा गेला नाही. फोन लावला तर रिंगच नाही. मार्ना जनावरांची डॉक्टर. एका अडलेल्या गाईसाठी दुपारी बाहेर पडली असणार, कारण बर्फाचं वादळ संध्याकाळी येईल असं सगळे म्हणत होते. ते दोन वाजताच आलं.

अशा वादळात गाडी सोडायची नाही, हे तिकडचं शेंबडं पोरही जाणतं. मार्नाही जाणत होती. पण हॉल जवळ असला तर हॉल गाठायचा, हेही ती लहानपणापासून ऐकत आली होती. हॉल उघडा असतो. स्टोव्ह असतो, कोळसा असतो. तसा कायदाच होता, एकोणीसशे सदतीसचा, सहा ओळींचा. नोव्हेंबर ते एप्रिल कुठल्याही गावच्या हॉलला कुलूप लावू नये. आत जळण ठेवावं. कुलूप दिसलं तर ते कुणीही तोडावं, तोडणाऱ्याला जाब विचारू नये.

आणि तोच कायदा रद्द करायचं विधेयक आज व्हर्लिन मांडणार होता.

त्यात वाकडं काही नव्हतं, निदान त्याला तरी दिसत नव्हतं. अठरा वर्षं तो एकच गोष्ट सांगून निवडून येत होता. सरकार जेवढं लहान तेवढा माणूस मोठा. त्याच्या पक्षात असं म्हणणारे ढीगभर होते, पण म्हटल्याप्रमाणे मत देणारे चार, आणि त्या चारांतला तो एक. टेबलावरच्या दोन बटणांपैकी त्याचं विरोधाचं लाल बटण झिजून गुळगुळीत झालं होतं, त्यावरून त्याची टिंगलही व्हायची. नवा कायदा करायचा तर आधी एक जुना मोडीत काढा, हा पक्षाच्या बैठकीतला नियम त्यानंच आणला. या वर्षी मोडीत काढायला त्याला हा सापडला. शेजाऱ्यासाठी दार उघडं ठेवायला माणसाला सरकारचं फर्मान लागतं? त्याच्या भाषणाचं पहिलं वाक्यच ते होतं.

कुलपाची गोष्ट मात्र भाषणात नव्हती. सप्टेंबरात हॉलमधली तांब्याची तार चोरीला गेली. विमा कंपनीचं पत्र आलं, कुलूप लावा नाहीतर विमा बंद. व्हर्लिन गावसमितीचा अध्यक्ष. समितीची चिटणीस अल्विना डॉक्टर, डॉक्टर हे तिचं आडनाव, चौऱ्याहत्तर वर्षांची. ती म्हणाली, "कायदा आहे, व्हर्लिन." तो म्हणाला, "तो कायदा मी या हिवाळ्यात काढतोच आहे, अल्विना. चार महिने आधी काय नि नंतर काय." आणि कुलूप घातलं.

त्यानं तिकडच्या शेरीफला, पोलीसप्रमुखाला, फोन लावला. पलीकडचा माणूस दमलेला होता. "बर्फ ढकलणाऱ्या गाड्या मागं बोलावल्यात, साहेब. आम्हालाच रस्ता दिसत नाही. ती गाडीत आहे ना? मग ठीक आहे."

"गाडीत नाही."

"मग बघतो काय करता येतं ते," तो म्हणाला. म्हणजे काही करता येत नव्हतं.

अल्विनाला तीनदा फोन लावला. वाजत राहिला, तिनं उचलला नाही.

व्हर्लिन उठून सभागृहातल्या आपल्या पक्षाच्या नेत्याकडे, रँडल क्वालेकडे गेला. "माझं विधेयक उद्यावर टाक."

"का रे, पोटात गोळा आला?" क्वाले हसला. "उद्यावर टाकलं तर आपलाच तो बूम्समा, विधेयकाच्या विरोधातला, रात्रीत दहा माणसं फोडेल. आत्ता माझ्याकडे मतं आहेत. बोल आणि मोकळा हो."

मुलीचं सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचं तर कुलपाचं सांगावं लागणार होतं, आणि ते सांगायला त्याची जीभ रेटेना. मुलगी मरणाच्या दारात उभी असताना माणूस अब्रूचा हिशोब करतो याची त्याला त्याच वेळी किळसही आली. तो परत जागेवर येऊन बसला.

सभापतींनी विधेयकाचा क्रमांक पुकारला. व्हर्लिन उभा राहिला. भाषण पाठ होतं, म्हणून निभावलं. शेजारी, दार, फर्मान, सगळं ठरलेल्या जागी आलं. बोलताना त्याचा हात खिशातल्या किल्लीवर होता.

मग गेरिट बूम्समा उठला. हाही त्याच्याच पक्षाचा, त्याच्याहून कर्मठ, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. "सन्मानीय सदस्य प्रश्नाला उत्तर देतील का?"

नाही म्हणायची मुभा असते. अर्धे लोक तेच म्हणतात. व्हर्लिन अठरा वर्षांत एकदाही नाही म्हणाला नव्हता आणि त्याचा त्याला गर्व होता.

"देईन."

"आपण स्वतःला जुनं जपणारे म्हणवतो," बूम्समा म्हणाला. "या सन्मानीय सदस्यांना मात्र जुनं मोडायचीच हौस फार. असो. माझा प्रश्न साधा आहे. कायद्याची गरज नाही, लोक दार उघडंच ठेवतात, असं ते म्हणतात. तर आज, या वादळात, राज्यात एखाद्या गावच्या हॉलला कुलूप आहे का? त्यांना माहीत असलेलं?"

बूम्समाला काही ठाऊक नव्हतं. त्यानं अंधारात दगड मारला होता. व्हर्लिनने किल्ली बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली.

"एका हॉलला आहे. आमच्या. मी घातलंय, सप्टेंबरात." माईकमधून त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "माझी मुलगी आत्ता त्या दाराकडे चालत निघालीय. तिला माहीत नाही."

कुणीतरी खुर्ची मागे सारली, तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. बूम्समा तसाच उभा राहिला. मग हलकेच म्हणाला, "मला आणखी काही विचारायचं नाही," आणि खाली बसून त्यानं प्रार्थनेसाठी हात जोडले.

सभापतींनी कामकाज थांबवलं. दोघे-तिघे फोन घेऊन उठले. कुणाचा मेव्हणा महामार्ग पोलिसांत होता, कुणाचा भाऊ त्या भागात बर्फ काढायचा. क्वाले व्हर्लिनच्या शेजारी येऊन बसला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं गेली. वाऱ्यात अर्धा मैल चालायला किती वेळ लागतो, कुलूप हलवून बघायला किती, आणि परत फिरल्यावर गाडी सापडते की नाही, एवढंच व्हर्लिनच्या डोक्यात फिरत होतं.

फोन थरथरला.

'पोचले. दार उघडंच होतं. स्टोव्ह पेटवलाय. कॉफीचा डबा कुठं ठेवता तुम्ही लोक?'

त्यानं ते एकदा वाचलं आणि पुन्हा वाचता येईना म्हणून फोन क्वालेच्या हातात दिला. क्वालेनं मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. बूम्समा डोळे पुसत होता.

"उघडं होतं," क्वाले माईकवर म्हणाला. "कुणीतरी उघडलं. कुणी हुकूम दिला नव्हता, सभापती महोदय. माणसाचं मन पुरलं. माझे मित्र हेच तर सांगत होते."

त्या भरात मतदान झालं. फळ्यावर नावांपुढे हिरवे दिवे भराभर लागले. व्हर्लिननं हिरवं बटण दाबलं. त्या घडीला त्याला कुठलंही बटण दाबायला सांगितलं असतं तरी त्यानं दाबलं असतं. एकाहत्तर विरुद्ध एकवीस.

अल्विनाचा फोन आला तेव्हा तो बाहेर व्हरांड्यात उभा होता.

"गोठ्यात होते. तीनदा फोन केलास. कोण मेलं?"

"कुणी नाही. अल्विना, हॉलचं कुलूप कुणी काढलं?"

"काढलं नाही, कापलं. मी. पहिला बर्फ पडला त्या दिवशी. आमच्या ह्यांची लोखंड कापायची मोठी कात्री होती, पण माझ्या हातात जोर कुठला, अर्धा तास लागला. तुला विचारलं असतं तर तू बैठक बोलावली असतीस."

"मी ओरडेन असं नाही वाटलं?"

"ओरडशील काय, शेरीफला बोलावशील असं वाटलं. म्हणून ते सहा ओळींचं पान पर्समध्ये घेऊन फिरते तेव्हापासून. तोडणाऱ्याला जाब विचारू नये. अरे, ते पान नसतं तर माझी काय छाती होती? तू अध्यक्ष, तू आमदार. गावात सरकार म्हणजे तूच की."

व्हर्लिनने भिंतीला हात टेकला.

"त्या विधेयकाचं काय झालं?" अल्विनानं विचारलं.

"मंजूर झालं."

"बरं." तिकडून वाऱ्याचा आवाज ऐकू आला. "मग पुढच्या हिवाळ्यात मला नाही जमायचं, व्हर्लिन. आता वय झालं. कोर्टाच्या पायऱ्या मला चढवणार नाहीत."

तो फोन खिशात टाकून आत गेला. किल्ली अजून टेबलावरच पडली होती. पुढच्या विधेयकावर कुणीतरी बोलत होतं. झालेलं मतदान पुन्हा घ्या असं मागायचं तर ते जिंकलेल्या बाजूच्या सदस्यानंच मागावं लागतं, असा तिथला नियम आहे. व्हर्लिनचा दिवा हिरवा होता. त्यानं माईकचं बटण दाबलं आणि उभा राहिला. क्वाले मागे वळून पाहू लागला.

"सन्मानीय सदस्य कशासाठी उभे आहेत?" सभापतींनी विचारलं.

"तो कायदा कुलूप घालणाऱ्यासाठी होता, म्हणजे माझ्यासाठी," व्हर्लिन म्हणाला. "तो मला परत हवाय."